भावाचे नाव गाळून कारखान्याचा इतिहास लिहिता येईल का?

प्रश्न : आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो आणि रबाळे एमआयडीसीत आमचा प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचा छोटा कारखाना आहे. बाबा आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, या दोघांनी १९७४ मध्ये वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात एका हँड मशीनवर कंगवे आणि बाटल्यांची झाकणे काढायला सुरुवात केली. १९८८ मध्ये रबाळ्याला प्लॉट घेतला. १९९६ मध्ये दोघे वेगळे झाले. काकांनी डोंबिवलीला स्वतःची टूलरूम, म्हणजे मोल्ड (साचे) बनवण्याचा कारखाना, काढली आणि तेव्हापासून लग्नकार्याखेरीज बोलणे नाही. कारखान्याला पन्नास वर्षे झाली म्हणून पुस्तिका काढायचे ठरले आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. बाबा म्हणतात, काकांचे नाव घालू नकोस. आजीच्या पाटल्या मोडून पहिले मशीन घेतले असे आमच्या घरात सांगतात. चुलतभाऊ म्हणतो, मुरबाडची जमीन विकली होती. २६ जुलै २००५ च्या पावसात खालच्या कपाटातली बरीच कागदपत्रे भिजली. त्यात माझ्या भावाला नव्या मशीनसाठी जागा हवी असल्यामुळे चाळीसएक जुने मोल्ड आणि ते हँड मशीन भंगारात द्यायचे चालले आहे. २०१८ पर्यंत आम्ही एकदा वापरून टाकायचे चमचे काढत होतो, तेही पुस्तिकेत नको असे त्याचे म्हणणे आहे. मी सुरुवात कोठून करू आणि काकांचे काय करू?

— एक वाचक, ठाणे

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांच्या आधी एक घाईचे काम आहे. भंगारवाल्याला आजच थांबवा. तुमच्या भावाची जागेची अडचण खरी आहे आणि ती मी हलकी मानत नाही, परंतु मोल्ड विकण्याआधी तो कोणाच्या मालकीचा आहे हे पाहावे लागते. जॉबवर्कच्या, म्हणजे गिऱ्हाईकाच्या मागणीप्रमाणे माल काढून देण्याच्या, धंद्यात पुष्कळदा मोल्डचे पैसे गिऱ्हाईकाने भरलेले असतात. मोल्ड त्याचा असतो आणि माल काढण्यापुरता तो मोल्डरच्या रॅकवर राहिलेला असतो. ऑर्डर बंद होऊन वीस वर्षे लोटली म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. जुनी चलने, मोल्ड पोहोचल्याची पोच, टूलिंगचे वेगळे लावलेले बिल, यांपैकी जे हाती लागेल त्यावरून प्रत्येक मोल्डची मालकी ठरवा. गिऱ्हाईक कंपनी अजून चालू असेल तर तिला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्या मोल्डला हात लावू देऊ नका. ही चौकशी उद्या होणारा एखादा तंटा टाळेल, आणि त्याच चौकशीतून तुमच्या इतिहासाचा पहिला भक्कम भाग, म्हणजे कोणत्या काळात कोणासाठी काय बनवले, तो तयार होईल.

काकांविषयीचे माझे मतही आत्ताच सांगते, म्हणजे पुढचे सगळे कशासाठी लिहिले आहे ते कळेल. त्यांचे नाव पुस्तिकेत आले पाहिजे. १९७४ ते १९९६ ही बावीस वर्षे म्हणजे कारखान्याच्या आयुष्याचा जवळजवळ निम्मा काळ होतो. त्या काळात धंद्यात कोणी काय घातले, पैसा कोणाचा, हात कोणाचे, बाजारातली ओळख कोणाची, हे सांगितल्याशिवाय एका हँड मशीनवरून रबाळ्याच्या प्लॉटपर्यंत तुम्ही कसे पोहोचलात याचा उलगडा वाचणाऱ्याला होणार नाही. तुमच्या वडिलांचा मान राखूनही हे करता येते, आणि त्याची तयारी मोल्डच्या रॅकपासून करावी असे मला वाटते.

एकेक मोल्ड टेबलावर घ्या, रॉकेलच्या फडक्याने वाळलेले ग्रीस पुसा आणि दोन्ही भाग उघडा. हँड मशीनचे मोल्ड लहान, एका माणसाने उचलावेत असे असतात. नंतरच्या मोठ्या मशीनचे मोल्ड जाड पोलादी, गाइड पिलर (दोन्ही भाग जुळवणारे खांब) आणि इजेक्टर प्लेट (तयार माल बाहेर ढकलणारी) असलेले असतात. एवढ्यावरूनही अलीकडचे कोणते आणि सुरुवातीचे कोणते याची ढोबळ विभागणी होते. कॅव्हिटीत, म्हणजे माल भरतो त्या पोकळीत, गिऱ्हाईकाचे नाव किंवा बोधचिन्ह कोरलेले असते ते उलटे असते, कारण मालावर ते सुलटे उमटायचे असते. लहान मुलांच्या खेळण्यातला क्ले त्यावर दाबून छाप घेतलात तर अक्षरे सरळ वाचता येतील. त्या छापाचा फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा. मोल्डच्या बाहेरच्या कडेवर पंचाने ठोकलेले आकडे आणि अक्षरे असतात. त्यांत जॉब नंबर असतो, कधी साल असते, कधी करणाऱ्याची आद्याक्षरेही असतात. कॅव्हिटीच्या आतून बोट फिरवून पाहा. कानस आणि पॉलिश पेपरने घासून केलेल्या कामात बारीक रेघा वेगवेगळ्या दिशांनी जाताना दिसतात, तर स्पार्क इरोजनवर (विजेच्या ठिणग्यांनी पोलाद कोरणाऱ्या मशीनवर) काढलेला भाग पॉलिश केलेला नसेल तर सगळीकडे सारखा खरबरीत लागतो. एखाद्या कोपऱ्यात वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा घासलेले दिसले तर तेथे मोल्ड एकदा खचला होता आणि तो कोणीतरी दुरुस्त करून पुन्हा मशीनवर चढवला होता, असे समजा आणि ते लिहून ठेवा.

प्रत्येक मोल्डसाठी एक कार्ड करा. त्यावर वस्तू, गिऱ्हाईक, कॅव्हिटी किती, कोणत्या मटेरियलसाठी, एका शॉटचे (एका वेळी आत दाबलेल्या मालाचे) वजन आणि मोल्ड कोणी केला, एवढे असले तरी पुरे. शेवटचा रकाना मी मुद्दाम सुचवते आहे. काकांनी वेगळे झाल्यावर टूलरूम काढली असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे मोल्ड बनवण्याचे किंवा निदान दुरुस्त करण्याचे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून असणार, आणि तुमच्या रॅकवरच्या बऱ्याच मोल्डच्या त्या रकान्यात त्यांचेच नाव येण्याचा संभव मोठा आहे. नोंदी पुऱ्या झाल्यावर तुमच्या मालकीचे बाकीचे मोल्ड खुशाल विका. हँड मशीन, त्याच्यासोबतचा कंगव्याचा आणि झाकणाचा मोल्ड, आणि कारखान्याला वळण देणाऱ्या कामांचे चार-पाच मोल्ड ग्रीस लावून ठेवा. हँड मशीनला जागा फारशी लागत नाही. ऑफिसच्या दाराशीही ते उभे राहील, आणि तुमच्या भावालाही नव्या मशीनपुरती जागा मिळेल.

जुन्या मालाचे नमुने ड्रॉवरमध्ये सापडले आणि मटेरियल कोणते हे कोणाला आठवत नसेल, तर घरच्या घरी करता येण्याजोगी परीक्षा आहे. भर न घातलेले पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात. पॉलिस्टायरीन, नायलॉन आणि पीव्हीसी बुडतात. कडेचा बारीक तुकडा चिमट्यात धरून पेटवला तर पॉलिथिनला विझलेल्या मेणबत्तीसारखा वास येतो, नायलॉनला जळक्या केसांचा येतो आणि पॉलिस्टायरीनचा धूर काळा, काजळी सोडणारा असतो. बेकेलाइट मात्र वितळतच नाही. हे उघड्यावर करा, आणि बुडणारा तुकडा पीव्हीसीचा असल्याचा संशय आला तर जाळू नका, त्याचा धूर घातक असतो. त्रिकोणी बाणांच्या खुणेत लिहिलेला आकडा वस्तूवर असेल तर ती खूण १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झाली हे लक्षात ठेवा. तशी खूण असलेला मोल्ड त्यानंतरचा असतो, किंवा खूण नंतर कोरलेली असते.

आता कागदपत्रे. भिजलेले कागद चिकटले असतील तर ओढून सोडवू नका, सावलीत वारा लागेल असे पसरा आणि सुटतील तेवढेच सोडवा. त्यांतल्या पुष्कळ कागदांवर तारीख नसेल किंवा शाई पसरलेली असेल, तरी कोऱ्या लेटरहेडवरूनही काळ ठरवता येतो, आणि अशा कामात मला सर्वांत जास्त भरवसा याच गोष्टीचा वाटतो, कारण लेटरहेड छापणाऱ्याला इतिहास घडवायचा नसतो. पत्त्यात पिनकोड असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा; तुमच्या बाबतीत तो सगळ्याच कागदांवर असू शकेल, पण वागळे इस्टेटचा ४००६०४ आणि रबाळ्याचा पिनकोड यांवरून गाळ्यातले कागद आणि प्लॉटवरचे कागद वेगळे काढता येतील. कराची पावती ठाणे नगरपालिकेची असेल तर ती १ ऑक्टोबर १९८२ पूर्वीची, कारण त्या दिवशी महानगरपालिका झाली. रबाळ्याच्या पत्त्यात आधी नुसते ठाणे-बेलापूर रस्ता आणि ठाणे असे येत असेल व पुढे नवी मुंबई येऊ लागले असेल, तर नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १ जानेवारी १९९२ ला सुरू झाला हे हाताशी ठेवा. अर्थात लोक जुने छापील कागद संपेपर्यंत वापरतात, त्यामुळे ही खूण फार तर ‘बहुधा याच्या आधी नाही’ एवढेच सांगते, ‘याच्या नंतर नाही’ असे सांगत नाही. इंग्रजी पत्त्यात मुंबईचे जुने नाव जाऊन नवे आले ते १९९५ नंतर. बॉम्बे सेल्स टॅक्सचा क्रमांक जाऊन व्हॅटचा आला तो १ एप्रिल २००५ पासून, आणि जीएसटीचा आला तो १ जुलै २०१७ पासून. तुम्हाला हव्या असलेल्या काळात तर आणखी एक सोपी खूण मिळेल: लेटरहेडवर भागीदारांची नावे छापण्याची पद्धत होती, आणि तशी नावे असतील तर दोघा भावांची नावे कोणत्या क्रमाने आणि कोठपर्यंत आली ते तुमच्यासमोर येईल.

घरातून जे गेले त्यातले काही सरकारी दप्तरात मिळू शकते. भागीदारी नोंदवलेली असेल तर भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ अन्वये भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडची नोंदवही शुल्क भरून कोणालाही पाहता येते आणि तिच्या प्रमाणित नकला मिळतात. भागीदारी केव्हा झाली, भागीदार कोण होते आणि कोण केव्हा बाहेर पडला, हे तेथे कळते. नोंदणी सक्तीची नसल्यामुळे ती झालीच असेल असे नाही. अशा वेळी बँकेला दिलेली भागीदारीपत्राची नकल किंवा तुमच्या जुन्या सीएंच्या कपाटातली फाइल शोधावी. प्लॉटचे वाटपपत्र, ताबा पावती आणि भाडेपट्ट्याचा करार एमआयडीसीच्या प्रादेशिक कार्यालयातल्या तुमच्या प्लॉटच्या फाइलमध्ये असतात, आणि १९८८ चा अर्ज कोणाच्या सहीने झाला तेही त्यात दिसते. मशीन हप्त्याने घेतले असेल तर राष्ट्रीय लघुउद्योग निगमाच्या हप्तेबंदी योजनेचे किंवा बँकेच्या तारणाचे कागद शोधा.

पाटल्या की जमीन, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तलाठ्याकडे आहे. मुरबाडची जमीन खरोखर विकली असेल तर तिचा फेरफार झालेला असणार, म्हणजे गाव नमुना सहामध्ये खरेदीखताची नोंद आणि सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा क्रमांक सापडेल. जुने फेरफार स्कॅन करून ऑनलाइनही ठेवलेले आहेत. तेथे न मिळाल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. विक्रीची तारीख १९७३-७४ ची निघाली तर चुलतभावाच्या म्हणण्याला आधार मिळाला. त्यामुळे आजीच्या पाटल्यांची गोष्ट खोटी ठरत नाही. एकाने मशीनची किंमत आणि दुसऱ्याने गाळ्याचे डिपॉझिट व पहिला कच्चा माल असे दोन्हीकडून पैसे आले असणेही अगदी शक्य आहे. सोने गहाण टाकल्याची पावती बहुधा मिळणार नाही. न मिळाल्यास दोन्ही आठवणी, कोणी सांगितल्या त्या नावानिशी, शेजारी शेजारी छापा. आजींचे नाव मात्र पूर्ण छापा; ‘मातोश्रींच्या आशीर्वादाने’ एवढ्यावर त्यांची बोळवण करू नका, कारण पाटल्या दिल्या असतील तर त्या या धंद्यातल्या पहिल्या गुंतवणूकदार ठरतात.

ज्या साली तुमच्या घरच्यांनी मशीन घेतले ते साल प्लास्टिकच्या धंद्यात उतरण्यासाठी फार कठीण होते, आणि हे तुमच्या पुस्तिकेत आलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. मे १९७४ मध्ये देशभर रेल्वेचा संप झाला. प्लास्टिकचा दाणा, म्हणजे मोल्डरचा कच्चा माल, तेलातून येतो आणि माल रेल्वेने जातो, त्यामुळे लहान मोल्डरला दोन्हीकडून झळ बसली असणार. आयात परवान्यांच्या त्या काळात परदेशी दाणा हवा तेव्हा मागवता येत नव्हता आणि देशात तयार होणारा दाणा थोडा होता. त्यातला काही तुमच्या आजच्या कारखान्याच्या रस्त्यावरच तयार होत होता: ठाणे-बेलापूर रस्त्यावर नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर (खनिज तेलातल्या नॅफ्थ्यापासून प्लास्टिकसाठी लागणारे वायू काढणारा कारखाना) आणि जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीच्या सहकार्याने उभा राहिलेला पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजचा एचडीपीईचा (उच्च घनतेच्या पॉलिथिनचा) कारखाना, हे दोन्ही १९६८ च्या सुमारास सुरू झाले होते. वडोदऱ्याच्या आयपीसीएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीचे पॉलिप्रॉपिलीन येण्यास सत्तरचे दशक संपत यावे लागले. वागळे इस्टेट तर एमआयडीसीच्या जन्माची जागा. १ ऑगस्ट १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे काम तेथूनच सुरू झाले, आणि इंजेक्शन मोल्डिंगची मशीने बनवणारी आर. एच. विंडसर ही कंपनी साठच्या दशकापासून त्याच वसाहतीत होती. ज्यांना तसले मशीन परवडत नव्हते ते हँड मशीनवर काम करत: बॅरलमध्ये दाणा टाकायचा, हीटरने तो मऊ होऊ द्यायचा, मोल्ड हाताने आवळायचा, दांडा खाली ओढून प्लंजरने माल आत दाबायचा, निवला की मोल्ड उघडून काढायचा आणि रनर (माल आत जाण्याच्या वाटेत निवलेली प्लास्टिकची काडी) कापून पुन्हा वापरायला बाजूला टाकायचा.

अशा दिवसांत लहान मोल्डर दोन गोष्टींवर तगत असे. एक म्हणजे दाणा आणि ऑर्डर मिळवण्याची हातोटी, आणि दुसरी म्हणजे मोल्ड बिघडला तरी दुसऱ्या दिवशी मशीन चालू ठेवणारा हात. तुमच्या पत्रावरून पहिली बाजू वडिलांची आणि दुसरी काकांची असावी असा माझा अंदाज आहे. तो चूक असेल तर चौकशीत दुरुस्त होईल. बरोबर असेल तर मात्र एका भावाला वगळल्यावर दुसऱ्याचे कर्तृत्वही समजेनासे होते. वडिलांनी मोठ्या गिऱ्हाईकाची ऑर्डर आणली असे तुम्ही लिहाल, आणि त्या ऑर्डरचा मोल्ड दिलेल्या मुदतीत कोणी उभा केला हे विचारणाऱ्या जाणकार वाचकाला पुस्तिकेत उत्तर मिळणार नाही. या धंद्यातली माणसे हा प्रश्न विचारतातच.

वडिलांशी बोलताना सुरुवात नावापासून करू नका. कार्डे आणि नमुने त्यांच्यासमोर ठेवा आणि कामाचे प्रश्न विचारा. झाकणाचा दाणा कोठून यायचा, उधारी किती दिवसांची असायची, कंगव्याचे दात अर्धवट भरायचे तेव्हा काय करत, पहिले ऑटोमॅटिक मशीन कोणी पसंत केले, १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणीतले कामगार तुमच्याकडे आले का, रबाळ्याला जायचे कोणी सुचवले. आवाज मोबाइलवर नोंदवा, पण तसे त्यांना आधी सांगा. प्रश्न कामाचा असला की माणूस भांडणाच्या आधीच्या काळात शिरतो, आणि भावाचे नाव त्यांच्याच तोंडून येण्याचा संभव अधिक असतो. त्यानंतर मसुदा दाखवा. भांडण किती सांगायचे आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, यावर त्यांचा अधिकार मी पूर्ण मानते, कारण ते त्यांनी भोगले आहे. कारखाना दोघांनी काढला ही गोष्ट मात्र भागीदारीपत्रावरच्या सह्यांची आहे, ती कोणाच्या आजच्या मर्जीवर ठेवता येत नाही. ‘एकमेव संस्थापक’ असे छापलेली पुस्तिका जुन्या गिऱ्हाईकांच्या आणि कामगारांच्या हाती जाईल, त्यांना खरे ठाऊक असेल, आणि त्यांच्या नजरेत कमीपणा वडिलांनाच येईल. हे त्यांना याच शब्दांत सांगायला हरकत नाही. आयुष्यभर शब्दावर धंदा केलेल्या माणसाला ते कळते.

विभक्त होण्याविषयी पुस्तिकेत तीन वाक्ये पुरे आहेत. ‘१९७४ मध्ये दोघा भावांनी मिळून वागळे इस्टेटमध्ये हा व्यवसाय सुरू केला. १९९६ मध्ये भागीदारी संपली. धाकट्या बंधूंनी डोंबिवली येथे स्वतंत्र टूलरूम सुरू केली आणि रबाळ्याचा कारखाना थोरल्या बंधूंकडे राहिला.’ पहिल्या वाक्यात दोघांची पूर्ण नावे घाला. कोणाला किती रक्कम मिळाली, कोणी काय नेले, कोण काय बोलले, यातले काहीही छापू नका, ते विसर्जनपत्रात (भागीदारी मोडल्याच्या करारात) असले तरीही. ऐकीव आरोप छापून आला तर बदनामीचा प्रश्न उभा राहतो, आणि विसर्जनपत्रातल्या रकमा गिऱ्हाईकांनी वाचाव्यात अशा नसतात. घरासाठी वेगळी, सविस्तर वही लिहायची असेल तर जरूर लिहा. तिच्यात दोन्ही बाजूंचे म्हणणे येऊ द्या आणि ती पुढच्या पिढीसाठी ठेवा. छापील पुस्तिका तिच्यापेक्षा त्रोटक असली तरी चालेल, तिच्याशी विसंगत असता कामा नये.

कामगारांची नावे हजेरीपटातून काढा. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांहून अधिक काम केले त्या प्रत्येकाचे नाव आणि काम आले पाहिजे. ‘आमचे निष्ठावान कर्मचारी’ या तीन शब्दांनी त्यांची ओळख होत नाही. जुन्या मशीनवर सेफ्टी गेट नसल्यामुळे कोणाला इजा झाली असेल, तर त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना विचारून, त्यांची संमती असेल तरच लिहा.

चमच्यांविषयी तुमच्या भावाशी मी सहमत नाही. तो माल त्या काळी कायदेशीर होता, मागणी होती आणि त्यावर पगार निघत होते. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्राने अशा वस्तूंवर बंदी आणली आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक एकल-वापर वस्तूंवर देशभर बंदी आली. तुम्ही चमचे केव्हा सुरू केले, बंदीनंतर ते मोल्ड आणि मशीन कोणत्या कामाला लावले, किती नुकसान सोसले, हे सरळ लिहा. बंदीमुळे उत्पादन बदलावे लागलेल्या लहान कारखान्याचा अनुभव गिऱ्हाईकालाही जाणून घ्यावासा वाटेल, आणि चमच्यांच्या कचऱ्याचे पुढे काय होत होते यावर एखादे प्रामाणिक वाक्य तुमच्या भावानेच लिहिले तर अधिक बरे.

हे सगळे छापखान्याकडे जाण्याआधी डोंबिवलीला जा. वडिलांपासून लपवून जाऊ नका. ‘मोल्डची माहिती विचारायला जाते आहे’ असे सांगून जा, ते खरेच आहे. फोन करून वेळ घ्या, सोबत कार्डे, छापांचे फोटो आणि हातात मावेल असा एखादा लहान मोल्ड न्या, आणि पन्नास वर्षांच्या समारंभाचे निमंत्रण त्या दिवशी देऊ नका, कारण त्यावर वडिलांचा निर्णय अजून झालेला नाही. मोल्ड कोणी केला, पोलाद कोठून आणले, कोठे अडले, एवढेच विचारा. ते बोलले तर त्यांचे शब्द त्यांना वाचून दाखवून मगच वापरा. त्यांनी बोलायला नकार दिला, तरी नाव काढू नका. कागद आणि मोल्ड जेवढे सांगतात तेवढे लिहा, त्यांच्याविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी त्यांच्याकडे पाठवा आणि दुरुस्ती सुचवायला पंधरा दिवस द्या. तेवढ्यात तुमच्या गिऱ्हाईकांची मोल्डविषयीची उत्तरेही येऊ लागतील.